पुष्पिकेतला तिसरा अंक

शोधनिबंध लिहिला जातो एका काळात आणि वाचला जातो दुसऱ्याच काळात. लिहिण्याचा काळ महिन्यांचा असतो, वाचण्याचा दहा मिनिटांचा. या दोन काळांच्या मध्ये गोषवारा नावाचा एक कागद असतो आणि निबंधवाचकाची खरी अडचण त्या कागदापासून सुरू होते. चर्चासत्राचे पत्रक महाविद्यालयात येते तेव्हा त्यावर गोषवारा पाठविण्याची अंतिम तारीख ठळक अक्षरांत छापलेली असते. त्या तारखेपर्यंत संशोधन पूर्ण झालेले नसते. पुष्कळदा ते नुकते कोठे सुरू झालेले असते. परंतु गोषवाऱ्यात निष्कर्ष लागतो. ‘अद्याप पाहणे चालू आहे’ असे तीनशे शब्दांत लिहून चालत नाही. त्यामुळे जे पुढे सापडेल असे वाटते, ते आधीच सापडले आहे असे लिहावे लागते आणि मग उरलेले दोन महिने त्या वाक्यासाठी पुरावा जमविण्यात जातात.

एका तालुक्याच्या गावी मराठी शिकविणाऱ्या एका प्राध्यापिकाबाईंच्या बाबतीत पुरावा आधी हाती आला होता आणि वाक्य मागाहून. त्यांच्या द्वितीय वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आपल्या घरी एक पोथी असल्याचे सांगितले. घर जुने, माळवदाचे. पोथी देवघरातल्या कोनाड्यात, तांबड्या फडक्यात बांधलेली. घरात लग्नाची मुलगी असली की तिने ती वाचायची, एरवी श्रावणात ऊन दाखवायचे, एवढाच तिचा व्यवहार. विद्यार्थ्याच्या आजीने फडके सोडले तेव्हा आत निघाले ते एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’. पत्रे सुटी, दोन्ही अंगांनी लिहिलेली, चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासून दुरुस्ती केलेली. अक्षर वळणदार होते आणि प्रसंगांच्या समाप्तीच्या ओळी तांबड्या शाईत होत्या.

या काव्याच्या हस्तलिखित प्रतींचे महाराष्ट्रात दुर्भिक्ष नाही. शके १४९३ मध्ये काशीस पूर्ण झालेले हे काव्य नंतरच्या शतकांत घरोघर उतरविले गेले. तेव्हा आणखी एक प्रत सापडली यात विशेष काही नव्हते. विशेष होते ते शेवटच्या पत्रावर. प्रत उतरविणारा माणूस ग्रंथ संपल्यावर ज्या चार ओळी स्वतःच्या म्हणून लिहितो, त्या पुष्पिकेत बाईंनी वाचले : शके १६१५. त्यापुढे ‘विजय ना’ एवढी अक्षरे, मग कसरीने पाडलेले भोक, मग ‘वत्सरे’, मग मार्गशीर्ष मास. वाराच्या जागी पुन्हा भोक. लिहिणाऱ्याचे नाव संपूर्ण गेलेले होते.

शके १६१५ म्हणजे इसवी सन १६९३-९४. राजाराम महाराज जिंजीस होते, किल्ल्याला मोगलांचा वेढा पडलेला होता, इकडे महाराष्ट्रात औरंगजेबाच्या फौजा फिरत होत्या. अशा धामधुमीत एका लहानशा गावात कोणी एक माणूस बोरू टोकून, शाई घोटून, रुक्मिणीच्या लग्नाची कथा पानामागून पान उतरवीत बसला होता. बाईंच्या डोळ्यांसमोर हे चित्र उभे राहिले आणि मग हलेना. राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत जो काळ केवळ पळापळीचा म्हणून येतो, त्याच काळात ग्रंथलेखनाची परंपरा अखंड चालू होती, असा त्यातून सिद्धान्त निघत होता. गोषवारा एका बैठकीत लिहून झाला. शीर्षकही भारदस्त होते : ‘जिंजीपर्वातील ग्रंथलेखन : एका अप्रसिद्ध प्रतीच्या आधारे’. चित्र सुंदर होते यात संशय नाही, आणि पुढे जे झाले त्याला त्याचे सौंदर्यच कारण झाले.

गोषवारा स्वीकारला गेल्याचे पत्र आले. महाविद्यालयाने ती वार्ता वृत्तपत्राच्या तालुका वार्ताहराला दिली आणि ‘जिंजीच्या वेढ्याच्या काळातील दुर्मिळ पोथी उजेडात’ अशा मथळ्याखाली ती छापून आली. विद्यार्थ्याच्या घरी त्या कात्रणाला चौकट करून ते बैठकीच्या भिंतीवर लावण्यात आले.

निबंध तयार करणे याचा आपल्याकडे रूढ अर्थ निबंध लिहिणे असा होतो. लिहून झालेला निबंध वाचण्याजोगा करणे हे निराळे काम आहे आणि ते कोणी शिकवीत नाही. बाईंचा मजकूर अठ्ठावीस पानांचा झाला होता. दहा मिनिटांत फुलस्केपची चार, फार तर साडेचार पाने वाचून होतात. अठ्ठाविसाची साडेचार करताना आधी अवतरणे जातात, मग पूर्वसूरींची मते जातात, मग ‘बहुधा’, ‘संभवतः’, ‘असे दिसते’ हे शब्द जातात. प्रत्येक वेळी एकच शब्द वाचतो, पण असे चाळीस शब्द गेले की अनुमानाचे विधान होते. अठ्ठावीस पानांत ज्या ठिकाणी ‘पुष्पिकेतील शक १६१५ असा वाचता येतो’ असे होते, त्या ठिकाणी साडेचार पानांत ‘ही प्रत शके १६१५ मधील आहे’ असे उरले. हा बदल करताना बाईंच्या मनात कसलेही कपट नव्हते. घड्याळ समोर ठेवून बसलेला प्रत्येक निबंधवाचक हेच करतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. ‘विजय ना—वत्सरे’ ही अक्षरे बाईंनी टिपणवहीत उतरून घेतली होती. ती ‘विजयनाम संवत्सरे’ अशी आहेत हेही त्यांना कळले होते. शक आणि संवत्सराचे नाव यांचा मेळ घालून पाहणे हे हस्तलिखितांच्या अभ्यासातले अगदी आरंभीचे पाऊल. नाथांनीही आपल्या काव्याच्या शेवटी शकाबरोबर संवत्सर सांगून ठेवलेला आहे. ग. ह. खरे यांचे ‘संशोधकाचा मित्र’ बाईंच्या कपाटात होते. नोंद केली होती, गणित केले नव्हते. गोषवाऱ्याची तारीख जवळ आली होती आणि शकाचे अंक तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होते.

चर्चासत्र दोन दिवसांचे होते. आदल्या संध्याकाळी एस.टी.ने पोचून बाईंनी वसतिगृहातल्या नेमून दिलेल्या खोलीत सामान टाकले. खोलीत दुसरी एक संशोधक विद्यार्थिनी होती. तिचा निबंध खाडिलकरांच्या १९०९ सालच्या ‘भाऊबंदकी’वर होता आणि हा तिचा पहिलाच प्रसंग होता. मोबाइलमधले घड्याळ लावून ती मोठ्याने वाचे, दहा मिनिटे उलटली की थांबे, पानावर काट मारी आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करी. पहिल्या ओळीत नाटकाच्या मुळाशी असलेली घटना होती : नारायणराव पेशव्यांचा वध, शके १६९५, विजयनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३.

ही ओळ तिसऱ्यांदा वाचली गेली तेव्हा बाईंनी ती ऐकली.

शकात बारा मिळवावे, साठाने भागावे, बाकी उरेल तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा. बाईंनी निबंधाच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडे मांडले. १६१५ अधिक १२, १६२७, बाकी ७. सातवा संवत्सर श्रीमुख. विजय नव्हे. १६९५ अधिक १२, १७०७, बाकी २७. सत्ताविसावा संवत्सर विजय. त्यांनी मोबाइलमधले शेवटच्या पत्राचे छायाचित्र मोठे करून पाहिले. अंक चार होते : एक, सहा, एक, पाच. मोठे केल्यावर पहिला एक आणि तिसरा एक सारखे दिसेनात. तिसऱ्याला वरच्या बाजूस एक बारीक वळण होते. ते शाईचे ओघळणे असावे असे इतके दिवस त्यांनी धरले होते. जुन्या हातवळणात एक आणि नऊ यांत पुष्कळदा एवढ्याशा वळणाचेच अंतर असते. एकोणिसाव्या पत्रावर हरताळाची दुरुस्ती मोठी होती म्हणून त्यांनी त्याचेही छायाचित्र घेतले होते. त्याच्या समासातल्या पत्रांकात त्याच लेखनिकाच्या हातचे एक आणि नऊ शेजारी शेजारी उभे होते. पुष्पिकेतला तिसरा अंक त्यांतल्या नवासारखा होता.

“मॅडम, बरं नाही का वाटत?” मुलीने विचारले.

“नाही, नाही. तू वाच. ती तारीख पुन्हा एकदा वाच.”

ऐंशी वर्षांचा फरक. जिंजी गेली, वेढा गेला, मोगलांच्या फौजा गेल्या. उरली ती पेशवाईतली, पुण्यात कारस्थाने चालू असली तरी गावोगावी लेखनाला पुरेसे स्वास्थ्य असलेल्या काळातली, रुक्मिणीस्वयंवराच्या असंख्य प्रतींपैकी एक प्रत. तिच्यावर निबंध लिहिण्याचे कारणच उरले नव्हते.

त्या रात्री बाईंपुढे तीन वाटा होत्या. पहिली, प्रकृतीचे निमित्त सांगून वाचन टाळणे. दुसरी, पडद्यावर दाखवायच्या चित्रात पुष्पिका शकापाशीच कापणे. संवत्सर दिसलाच नाही तर विचारणार कोण? तिसरी वाट या दोहोंपेक्षा प्रतिष्ठित होती. ‘संवत्सराच्या नावात लेखनिकाचा प्रमाद संभवतो’ अशी एक तळटीप दिली की काम भागत होते. लेखनिक संवत्सराच्या नावात चुकत नसत असे नाही. तशी उदाहरणे आहेत. त्यामुळेच या वाटेत धोका अधिक. नकलकारांनी ग्रंथाच्या शेवटी एक श्लोक लिहून ठेवण्याची रूढी आहे : जसे पुढ्यात होते तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. बिचाऱ्यांनी एवढी आर्जवे करूनही अभ्यासकांनी दोष त्यांनाच दिलेला आहे, आणि त्यातला काही भाग तरी खरे पाहता वाचणाऱ्यांच्या डोळ्यांचा होता. एकोणिसावे पत्र नसते तर बाईही कदाचित तिसऱ्या वाटेने गेल्या असत्या.

निबंधवाचन या प्रकाराची आपल्याकडची परंपरा आजच्या चर्चासत्रांहून बरीच जुनी आहे. १८७४ साली लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी रा. गो. भांडारकरांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा निबंध पाठविला. स्वतः ते जाऊ शकले नाहीत. १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेला मात्र ते जातीने गेले. पुढे १९१० साली पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले आणि मंडळाच्या पाक्षिक सभांतून निबंधांबरोबर लहान लहान टिपणेही वाचली जाऊ लागली. टिपण हा प्रकार आता जवळजवळ नाहीसा झाला आहे, ही खेदाची गोष्ट होय. एखाद्या कागदावरचा एखादा शक, एखादे आडनाव, पूर्वी दिलेल्या तारखेची दुरुस्ती, एवढ्यावरच टिपण उभे राहू शकते; त्याला सिद्धान्ताचे ओझे नसते. बाईंच्या हाती त्या रात्री जे होते ते टिपण होते, आणि छापील कार्यक्रमपत्रिकेत जागा होती ती शोधनिबंधाला.

दुसऱ्या दिवशी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मनोगते आणि बीजभाषण होऊन उद्घाटनाचा समारंभ सव्वा तास लांबला. त्याच समारंभात चर्चासत्राचा ग्रंथ प्रकाशित झाला. सर्व निबंध त्यात आधीच छापलेले होते. बाईंचा निबंधही. दुपारच्या सत्रात चौदा वाचक होते आणि श्रोते म्हणजे बहुतेक तेच चौदा जण. वेळ भरून काढण्यासाठी सत्राध्यक्षांनी प्रत्येकाची दहा मिनिटे सहावर आणली. या एका गोष्टीने बाईंचे भलेच झाले, कारण जे सांगायचे होते त्याला सहा मिनिटे पुष्कळ होती.

त्यांनी उभे राहून पहिलेच वाक्य उच्चारले ते असे : “ग्रंथात छापलेल्या माझ्या निबंधातला शक चुकला आहे, आणि निबंधाचा निष्कर्ष त्या शकावरच उभा आहे.” मग चार अंकांचे चित्र दाखविले, एकोणिसाव्या पत्राचा समास दाखविला, बेरीज-भागाकार फळ्यावर करून दाखविला. मागच्या रांगेत ‘भाऊबंदकी’वाली मुलगी बसली होती. तिच्या वाचनातून चूक ध्यानात आली हेही बाईंनी सांगितले. त्यावर सर्वांनी मागे वळून पाहिले आणि ती मुलगी संकोचून गेली. पाचव्या मिनिटाला घंटा झाली तेव्हा बाई खाली बसत होत्या.

प्रश्न एकच आला. पुढच्या रांगेत एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षक होते. निबंध न वाचता केवळ ऐकण्यासाठी आलेले, बहुधा एकटेच. त्यांनी विचारले, “शके १६३५ का नाही, बाई? तोही विजयच.”

संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे. १६९५ मधून साठ वजा केले की १६३५. एका चुकीतून सुटल्याच्या समाधानात बाईंनी दुसरी शक्यता तपासलीच नव्हती. जो मेळ बसला तो पहिला म्हणून त्यांनी तो स्वीकारला होता. म्हणजे जिंजीच्या वेळी केले तेच पुन्हा. तिसरा अंक तीन नाही असे त्यांना वाटत होते, पण त्या लेखनिकाचा तीन कसा असतो हे त्यांच्याजवळच्या छायाचित्रांत कोठेच नव्हते. त्या म्हणाल्या, “आज सांगता येणार नाही. पोथी पुन्हा पाहून कळवते.” म्हाताऱ्या शिक्षकांनी मान डोलावली आणि आपला पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला.

सत्राध्यक्षांनी समारोपात बाईंच्या प्रामाणिकपणाचा गौरव केला आणि निबंध पूर्णत्वास गेल्यावरच वाचावा असा सर्वांना वडिलकीचा सल्ला दिला. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वाक्यात केल्या. सायंकाळी सहभागाचे प्रमाणपत्र मिळाले. त्यावर ‘जिंजीपर्वातील ग्रंथलेखन’ हेच शीर्षक सुवाच्य अक्षरांत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत अशा प्रमाणपत्रांना पदोन्नतीच्या हिशेबात गुण होते. ते चर्चासत्र राज्य पातळीवरचे की राष्ट्रीय यावर ठरत. शकाचा त्यात विचार होत नसे.

परतल्यावर बाईंनी आयोजकांना शुद्धिपत्र पाठविले. ग्रंथ वितरित झालेला असल्यामुळे आता काही करता येणार नाही, असे सौजन्याचे उत्तर आले. पुढे तीन वर्षांनी मराठ्यांच्या इतिहासातील वाङ्मयव्यवहारावरच्या एका लेखात ‘शके १६१५ मधील एक प्रत उपलब्ध आहे’ असे वाक्य बाईंच्या नावानिशी आले. त्यांनी लेखकाला पत्र लिहिले. त्यानंतर आणखी एकदा असेच लिहावे लागले. चुकीला ग्रंथाचा क्रमांक असतो, पान असते, संदर्भसूचीत जागा असते. सहा मिनिटांत तोंडी सांगितलेल्या दुरुस्तीला यांपैकी काहीच नसते. त्या सत्रात बसलेल्या चौदा जणांखेरीज ती कोणालाही ठाऊक नव्हती, आणि त्यांतलेही अर्धे आपली पाने चाळीत होते.

पण हे नंतरचे. चर्चासत्राच्या पुढच्याच रविवारी बाई त्या माळवदाच्या घरी गेल्या. आजींनी फडके सोडले. बाईंनी तिसरे पत्र काढले, मग तेरावे, तेविसावे, तिसावे. लेखनिकाचा तीन ठळक होता, दोन पोटांचा आणि खाली लांब शेपटाचा. पुष्पिकेतल्या अंकाशी त्याचे काही नाते नव्हते. एकोणतिसावे आणि एकोणचाळिसावे ही पत्रेही काढली. नऊ सगळीकडे सारखाच होता. शिक्षकांच्या पत्त्यावर पाठवायची छायाचित्रे घेऊन झाली, आणि मग सांगण्याची वेळ आली. भिंतीवर चौकटीतले कात्रण होते, समोर नातू उभा होता.

बाईंनी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. आकडा वाचण्यात आपली चूक झाली. पोथी जिंजीच्या वेळची नाही, नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्या वर्षाची आहे. ऐंशी वर्षांनी अलीकडची. नातवाचा चेहरा उतरला. आजी पत्रे जुळवीत होत्या.

“म्हणजे ऐंशी वर्षांनी लहान झाली म्हणायची.”

“हो आजी. चूक माझीच.”

“तुमची कसली, बाई? माझ्या सासूबाई तिला शिवाजीमहाराजांच्या वेळची म्हणायच्या. तुम्ही जिंजी म्हणालात, तेव्हाच ती थोडी लहान झाली होती. मी कोणाला बोलले नाही.”

मग त्यांनी विचारले की मजकूर तोच आहे ना, त्यात तर काही चुकीचे निघाले नाही ना. बाई नाही म्हणाल्या. मजकूर तोच होता.

पोथी पुन्हा तांबड्या फडक्यात बांधण्यापूर्वी बाईंनी एका कोऱ्या चिठ्ठीवर ‘शके १६९५, विजयनाम संवत्सर’ असे लिहिले, खाली आपली सही आणि तारीख घातली, आणि ती चिठ्ठी शेवटच्या पत्राखाली ठेवली. कात्रण भिंतीवरच राहिले. नातू ते काढायला तयार नव्हता, आणि आजींनीही त्याला काढ म्हटले नाही.